कांदा चाळीतील सेन्सर आणि त्याची चिमुकली शेगडी



रब्बीचा कांदा एप्रिल-मे महिन्यात काढून, शेतात पातीसह सुकवून, मान राखून पात कापून आणि पुन्हा सावलीत वाळवून आपण चाळीत भरतो. त्यानंतर दसरा-दिवाळीपर्यंत भावाची वाट पाहायची असते. या पाच-सहा महिन्यांत वरचा थर खणखणीत दिसतो, हाताला कोरडा लागतो. आत मात्र एखाद्या कांद्याला मानकूज किंवा सड लागते, त्याला पाणी सुटते, ते पाणी खालच्या कांद्यावर उतरते आणि हळूहळू आतून खड्डा पडत जातो. वास नाकाला येईपर्यंत उशीर झालेला असतो.

प्रस्तुत लेखकाच्या थोरल्या भावाच्या चाळीत असेच घडले. त्यांनी हौसेने एक 'कांदा सडल्याची सूचना देणारे' यंत्र विकत आणून चाळीच्या मधल्या आडव्या वाशाला टांगले होते. यंत्र पॉवर बँकेवर चालत असे आणि पॉवर बँक दर दोन दिवसांनी उतरत असे. आषाढातल्या झडीत कोणाला तिकडे फिरकायला सवड झाली नाही. शेतावर वीज नव्हती, यंत्र बंद पडलेले होते. पुढे ऊन पडल्यावर वास आला तेव्हा कप्पा मोकळा केला, तर तळाचे सात-आठ क्विंटल कांदे चिखलासारखे झालेले निघाले. वहिनींनी यंत्र काढून कोनाड्यात ठेवले, ते आजही तेथेच आहे. यंत्र खोटे होते काय? नाही. ते चालू असते तर उपयोग झाला असता काय? तेही नाही. ही दोन्ही उत्तरे समजून घेण्यासाठी यंत्राच्या पोटात काय असते ते पाहावे लागेल.

सेन्सरला उष्णता कशासाठी लागते?

अशा यंत्रांतील वायू ओळखणारा सेन्सर बहुधा कथिलाच्या ऑक्साइडचा असतो. जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी १९६०च्या दशकात हा प्रकार विकसित केला. घरगुती गॅसची गळती ओळखण्यासाठी त्याचा जगभर प्रसार झाला. त्याचे काम असे चालते. कथिल ऑक्साइडच्या बारीक कणांवर हवेतील प्राणवायू चिकटतो आणि कणांतील इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. त्यामुळे वीज वाहण्यास अडथळा होतो, म्हणजेच रोध वाढतो. हवेत अल्कोहोल, कीटोन किंवा तत्सम ज्वलनशील वाफा आल्या की त्या हा चिकटलेला प्राणवायू वापरून टाकतात. इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध घटतो. रोधातील ही घट म्हणजेच यंत्राच्या पडद्यावर दिसणारा आकडा.

सडणाऱ्या कांद्यातून नेमक्या अशाच वाफा आणि त्यासोबत गंधकयुक्त वायू बाहेर पडतात. कांद्याच्या साठवणुकीतील दोन रोग, एक जिवाणूजन्य व एक बुरशीजन्य, त्यांच्या वासावरून वायू सेन्सरांच्या संचाने ओळखण्याचे काम अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केले आहे. तेव्हा कल्पना पक्क्या पायावर उभी आहे.

अडचण एकच. ही सारी देवाणघेवाण थंड पृष्ठभागावर होत नाही. कथिल ऑक्साइडचा थर साधारण २०० ते ४०० अंश सेल्सिअस इतका तापलेला असावा लागतो. थंड असताना त्यावर पाण्याची वाफ बसून राहते, वायू चिकटला तर सुटत नाही आणि आकडा बधिर होतो. म्हणून प्रत्येक सेन्सरच्या पोटात एक विजेची शेगडी, म्हणजे हीटर, बसविलेला असतो. यंत्राची बॅटरी खाणारा हाच.

थोडा हिशेब

स्वस्त यंत्रांत सर्रास आढळणारा सेन्सर चिनी मातीसारख्या अल्युमिनाच्या छोट्या नळीवर केलेला असतो. तिच्या आतून हीटरची तार जाते. त्याला ५ व्होल्ट द्यावे लागतात, हीटरचा रोध सुमारे ३३ ओहम असतो. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध, म्हणजे २५ भागिले ३३, सुमारे पाऊण वॉट. पाऊण वॉट ऐकायला किरकोळ वाटतो. परंतु हीटर रात्रंदिवस चालू राहतो, त्यामुळे दिवसाला १८ वॉट-तास वीज लागते. आपण वापरतो ती १०,००० मिलीअँपिअर-तासांची पॉवर बँक म्हणजे सुमारे ३७ वॉट-तास. दोन दिवसांत ती रिकामी होणारच. भावाच्या यंत्रात काही बिघाड नव्हता, त्याची शेगडीच मोठी होती.

आता दुसरी गोष्ट. आपली चाळ मुद्दाम हवेशीर बांधलेली असते. तळाशी पोकळी, बाजूंना फटी, वर उंच छप्पर. कांदा टिकण्यास हे आवश्यकच आहे. पण त्यामुळे सडक्या कांद्याची वाफ वाशापर्यंत पोहोचण्याआधीच वाऱ्याबरोबर निघून जाते. वाशाला टांगलेले एक यंत्र गावाच्या वेशीवर बसविलेल्या राखणदारासारखे आहे. घरात काय चालले आहे ते त्याला कळत नाही. सेन्सर ढिगाच्या आत, तळाकडील भागात हवा, आणि एक नव्हे तर प्रत्येक कप्प्यात निदान एक हवा. तेथे वायर ओढत नेणे कठीण, आणि एकदा कांदा भरल्यावर बॅटरी बदलण्यासाठी ढीग उपसता येत नाही. म्हणून चाळीसाठी सेन्सर स्वस्त हवा, लहान हवा आणि एका बॅटरीवर पूर्ण हंगाम, म्हणजे १५० दिवस, चालणारा हवा. या तिन्ही अटी शेवटी हीटरपाशी येऊन थांबतात.

फोडणीची पळी

स्वयंपाकघरात पाहा. पातेले तापायला चुलीवर मोठा जाळ लागतो आणि वेळही लागतो. फोडणीची पळी मात्र थोड्या आचेवर क्षणात तापते आणि खाली घेतली की तितक्याच लवकर निवते. सेन्सरच्या हीटरचेही असेच आहे. तापवायचा भाग अर्धा मिलिमीटर इतका लहान केला आणि तो अतिशय पातळ आधारावर ठेवला, तर तेच तापमान पाऊण वॉटऐवजी काही दहा मिलीवॉटांत गाठता येते. एक मिलीवॉट म्हणजे वॉटचा हजारावा भाग.

आधार कशाचा हे फार महत्त्वाचे आहे. सिलिकॉनच्या चकतीवर सूक्ष्म हीटर तयार करण्याची पद्धत आता रुळलेली आहे आणि तसे सेन्सर विकतही मिळतात. परंतु सिलिकॉनमधून उष्णता फार वेगाने पसरते, त्यामुळे हीटरखालचे सिलिकॉन कोरून काढावे लागते आणि ते काम धूळरहित कारखान्यातच होते. याउलट प्लॅस्टिकची पातळ फिल्म उष्णता जवळजवळ धरूनच ठेवते. पॉलिइमाइड नावाच्या प्लॅस्टिकमधून उष्णता सिलिकॉनच्या मानाने हजार पटींहून कमी वाहते. हे प्लॅस्टिक आपण पाहिलेले आहे. बिघडलेला मोबाइल उघडल्यावर आत नारिंगी-पिवळी, लवचिक पट्टी दिसते, ती पॉलिइमाइडची. साधारण ४०० अंशांपर्यंतची उष्णता ते काही काळ सहन करते. शीतपेयाच्या बाटलीचे प्लॅस्टिक येथे चालत नाही; उकळते पाणी ओतले तरी ती बाटली आक्रसते हे आपल्या अनुभवाचे आहे.

छपाई कशी होते?

लग्नपत्रिका किंवा पोत्यावरील नाव जसे जाळीतून शाई दाबून छापतात, तसाच हीटर छापता येतो. याला स्क्रीन प्रिंटिंग म्हणतात. फरक एवढाच की शाईत रंगाऐवजी चांदीचे कण असतात. दुसरी पद्धत संगणकाच्या इंकजेट छपाईयंत्रासारखी. बारीक छिद्रांतून शाईचे थेंब एकाशेजारी एक टाकले जातात. एक थेंब लिटरच्या एक लाख कोटीव्या भागाच्या काही पट, इतका सूक्ष्म असतो. या पद्धतीत जाळी लागत नाही, नक्षी संगणकावर बदलली की दुसरी छपाई दुसऱ्या नमुन्याची करता येते आणि धातू जेथे हवा तेथेच पडत असल्याने वाया जात नाही.

वाचकांना शंका येईल की चांदी ९६२ अंशांना वितळते, मग प्लॅस्टिकवर ती एकजीव कशी होते? मेख कणांच्या आकारात आहे. शाईतील कण मिलिमीटरच्या काही लाखाव्या भागाइतके असतात. इतके बारीक कण न वितळताच १२० ते २०० अंशांच्या भट्टीत एकमेकांना चिकटतात. गुऱ्हाळात काकवीचे दाणे धरतात तेव्हा जशी पोत बदलते तसाच काहीसा प्रकार. भट्टीतून काढल्यावर काळपट शाईची चकाकती तार झालेली असते.

हीटरची तार नागमोडी छापतात. तिचा रोध काढण्याची एक सोपी रीत आहे: तारेच्या रुंदीइतके चौकोन मोजावेत. तार ०.१ मिलिमीटर रुंद व १० मिलिमीटर लांब असेल तर तिच्यात १०० चौकोन बसतात. छापलेल्या थराच्या एका चौकोनाचा रोध ०.२ ओहम धरला, तर तारेचा रोध २० ओहम झाला. तिला १ व्होल्ट दिला की ५० मिलीवॉट उष्णता निर्माण होते. शिवाय धातू तापला की त्याचा रोध ठरावीक प्रमाणात वाढतो. म्हणून तोच हीटर स्वतःचा तापमापकही होतो, वेगळा बसवावा लागत नाही.

या तारेवर विजेला अडवणारा एक पातळ थर, त्यावर फणीसारखी दोन टोके आणि सर्वांत वर कथिल ऑक्साइड, असा सेन्सर तयार होतो. उष्णता आजूबाजूला निसटू नये म्हणून काही ठिकाणी हीटरभोवतीची फिल्म कापून तो भाग पाळण्यासारखा चार बारीक पट्ट्यांवर लोंबता ठेवतात. स्वित्झर्लंड व फ्रान्समधील संशोधकांनी २०१६ मध्ये असा संपूर्ण सेन्सर पॉलिइमाइडच्या फिल्मवर इंकजेट पद्धतीने छापून दाखविला. त्यांनी शाई मात्र चांदीची न घेता सोन्याची घेतली.

सोने का घेतले असावे, हा प्रश्न कांदा उत्पादकाने तरी जरूर विचारावा. घरातील चांदीचे पैंजण काही दिवसांत काळे पडतात, कारण चांदी गंधकाशी संयोग पावते. कांद्याचा तिखटपणाच मुळी गंधकाच्या संयुगांमुळे असतो. म्हणजे चांदीची उघडी तार कांद्याच्या ढिगात ठेवणे म्हणजे पैंजण गंधकात बुडविण्यासारखे झाले. त्यातच चांदीची बारीक तार सतत तापलेली राहिली तर कण सरकतात, रोध बदलत जातो आणि शेवटी तार तुटते. यावर उपाय दोन: तार पूर्णपणे आच्छादित करणे, किंवा सोने अथवा प्लॅटिनमची शाई वापरणे. तार इतकी सूक्ष्म असते की सोन्याचा खर्च आपल्याला वाटतो तेवढा येत नाही. पण शाई महाग असते आणि भट्टीही अधिक तापवावी लागते.

पुन्हा हिशेब

पन्नास मिलीवॉटांचा हीटर सतत चालविला तर दिवसाला १.२ वॉट-तास लागतात. तीच ३७ वॉट-तासांची पॉवर बँक आता दोन दिवसांऐवजी महिनाभर पुरते. परंतु हंगाम पाच महिन्यांचा आहे. येथे फोडणीच्या पळीचा दुसरा गुण कामी येतो. हा हीटर सेकंदाच्या आतच तापतो, त्यामुळे तो मिनिटातून दोन सेकंद चालवून अठ्ठावन्न सेकंद बंद ठेवता येतो. वीज तीसपट कमी लागते. मग हीटरचा खर्च इतका खाली येतो की बॅटरी किती टिकणार हे यंत्रातील इतर भागांवर, विशेषतः संदेश पाठविणाऱ्या भागावर ठरू लागते. अल्युमिनाच्या नळीला ही युक्ती लागू करता येत नाही. तिला तापून स्थिर व्हायलाच बराच वेळ लागतो.

येथे द्राक्ष बागायतदारांसाठी थोडे विषयांतर करावेसे वाटते. लवचिक हीटरचा आणखी एक उपयोग फार वर्षांपासून माहीत आहे. खोडाभोवती पट्ट्यासारखा हीटर गुंडाळून त्याला मोजकी उष्णता द्यायची आणि खोडाचे तापमान पट्ट्याच्या वर व खाली मोजायचे. मुळांकडून वर जाणारे पाणी ही उष्णता आपल्याबरोबर नेते. किती उष्णता वाहून गेली यावरून वेलीने किती पाणी उचलले ते काढता येते. जपानमध्ये साकुराताणी यांनी १९८१ मध्ये ही उष्णता-ताळेबंदाची पद्धत मांडली. येथे हीटर लवचिक असणे ही सोय नसून गरज आहे, कारण खोड गोल असते आणि वाढत असते. तापमान मात्र काही अंशांनीच वाढवायचे असल्याने साधी पॉलिएस्टरची फिल्मही चालते. रात्री वेल पाणी उचलत नाही, तेव्हा उष्णता कमी करावी लागते, नाहीतर सालीला इजा पोहोचते. असो.

यंत्र घेताना आणि लावताना

विक्रेत्याला पहिला प्रश्न हीटरचा विचारावा: तो किती मिलीवॉट घेतो, आणि सतत चालतो की थांबून थांबून? 'बॅटरी भरपूर चालते' हे उत्तर समजू नये, आकडा मागावा. यंत्रावर ५ व्होल्ट व १५० मिलीअँपिअरच्या आसपास लिहिले असेल तर ते जुन्या नळीचे यंत्र आहे. शेतावर २४ तास वीज असेल तरच ते घ्यावे. दुसरे असे की यंत्र ढिगात ठेवता येईल इतके लहान आहे का, आणि एका कप्प्याला एक याप्रमाणे घेणे परवडते का, ते पाहावे. एकच महाग यंत्र घेण्यापेक्षा साधी तीन यंत्रे बरी, असे आमचे मत आहे. त्याचे कारण पुढे येईल.

चाळ भरण्यापूर्वी प्रत्येक कप्प्यात छिद्रे पाडलेला पीव्हीसी पाइप उभा करावा आणि सेन्सर त्यात ढिगाच्या खालच्या तिसऱ्या भागात येईल असा सोडावा. पाइपाचे वरचे तोंड बंद करावे. पाइप कडेच्या फळ्यांपासून निदान हातभर आत असावा, नाहीतर वाऱ्याने वाफ उडून जाते. सेन्सरवर बारीक जाळीचे टोपण हवेच. कांद्याची वाळलेली साल व धूळ तापलेल्या भागावर बसता कामा नये. लवचिक पट्टी पाइपात सोडताना हीटरच्या जागी दुमडू नये. वळण द्यायचेच तर मोठ्या गोलाईने व हीटरपासून दूर द्यावे. एकदा घडी पडली की छापलेल्या तारेला डोळ्यांना न दिसणारी चीर जाते.

नवीन किंवा बरेच दिवस बंद असलेल्या सेन्सरचा आकडा पहिले एक-दोन दिवस विश्वासाचा नसतो. तो स्थिर झाल्यावर सात-आठ दिवस ठरावीक वेळी, शक्यतो पहाटे, आकडे वहीत लिहावेत. हा आपल्या चाळीचा मूळ आकडा. पावसाळ्यात हवेतील दमट वाफेनेही कथिल ऑक्साइडचा रोध बदलतो, ट्रॅक्टरचा धूर, शेजारचा चुलाणा, फवारणी यांनीही बदलतो. म्हणून एकट्या यंत्राचा आकडा वाढला यावरून काही ठरवता येत नाही. तीन यंत्रे असतील तर ताडून पाहता येते. तिन्ही आकडे एकदम वाढले तर कारण हवेत आहे, काळजी करू नये. एकाचाच आकडा दोन-तीन दिवस चढत राहिला तर त्या कप्प्यातील कांदा त्याच दिवशी उपसून निवड करावी.

सेन्सर सडके कांदे सांगेल, पण कांदा सडणे थांबविणार नाही. काढणीपूर्वी पाणी वेळेवर तोडले नसेल, मान ओली असताना पात कापली असेल, जखमी व जोड कांदे तसेच भरले असतील, तर कप्प्याकप्प्यात यंत्रे लावूनही श्रावणात उपसाच करावा लागेल.

यंत्र विकत घेण्यापूर्वी घरच्या घरी एक परीक्षा घ्यावी. झाकणाच्या दोन सारख्या बादल्या घ्याव्यात. एकीत दहा-बारा निरोगी कांदे ठेवावेत, दुसरीत तितकेच निरोगी कांदे आणि त्यात दोन सडके. दोन्हींत एकेक यंत्र ठेवून झाकण लावावे आणि दर दोन तासांनी दिवसभर आकडे लिहावेत. दुसऱ्या दिवशी यंत्रांची अदलाबदल करून पुन्हा तसेच करावे, म्हणजे फरक कांद्याचा आहे की यंत्राचा ते कळते. भावाच्या कोनाड्यातील यंत्रावर आम्ही ही परीक्षा घेतली, तेव्हा सडक्या बादलीत त्याचा आकडा संध्याकाळपर्यंत स्पष्ट वाढला. तेच यंत्र सडक्या कांद्याच्या उघड्या पाटीपासून चार हात वर टांगले, तेव्हा आकडा जागचा हलला नाही. परीक्षा झाल्यावर झाकण काढून यंत्र मोकळ्या हवेत ठेवावे आणि आकडा मूळ जागी यायला किती वेळ लागतो तेही वहीत टिपावे. आकडा दुसऱ्या दिवशीही खाली येत नसेल तर ते यंत्र परत करावे.